दुरुस्तीचा अधिकार

विमान घेऊन आकाशांत जाणाऱ्या वैमानिकाला एक गोष्ट सहसा पाहतां येत नाहीं. ती म्हणजे ज्याच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो तो भाग. पंख्याच्या पात्याचें मूळ, दंतचक्रांच्या पेटींतील बेअरिंग, जमिनीवर उतरतांना सारें वजन तोलून धरणाऱ्या पोलादी पायाचा आंतला पृष्ठभाग, हे सर्व झांकणांच्या आड आणि वंगणाच्या अंधारांत असतात. उड्डाणापूर्वी तो विमानाभोंवतीं एक फेरी घालतो, चाकें पाहतो, पंखांवरून हात फिरवितो आणि उरलेल्या गोष्टींसाठीं कागदावरील एका सहीवर विश्वास ठेवून आसनावर बसतो. ती सही करण्याचा अधिकार कोणाला असावा, तो कोणत्या कसोटीवर द्यावा, आणि एकदां दिलेला अधिकार किती काळ टिकावा, हा प्रश्न लष्करी विमानांइतकाच जुना आहे. त्याचीं उत्तरें शोधतांना गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे नियम झाले, त्यांपैकीं कांहींचें मोल फार जबर पडलें.

नवा भाग घडविणें आणि जुना भाग दुरुस्त करणें, या दोन कामांत सामान्य माणसाला दुसरें काम सोपें वाटतें. वस्तुस्थिति पुष्कळदां उलट असते. नवा भाग ज्या धातूपासून घडतो त्याची जात ठाऊक असते. त्याला किती ताव दिला, कसें पाणी दिलें, याची नोंद हाताशीं असते. दुरुस्तीसाठीं आलेला भाग मात्र आपलें पूर्वायुष्य बरोबर घेऊन येतो. तो किती वेळां तापला, कोणत्या समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत उभा राहिला, कोणत्या अवघड उतरणीच्या वेळीं त्याला हिसका बसला, हें त्याच्या तोंडावर लिहिलेलें नसतें. भांडें घडविणारा तांबट कोरा पत्रा हातीं घेतो. कल्हईवाल्यापुढें येणारें भांडें वापरलेलें असतें. तें नीट न घासतां वरून कल्हई फिरविली तर भांडें चांदीसारखें चकाकतें, परंतु कळंक खालीं तसाच राहतो. स्वयंपाकघरांत या चुकीची शिक्षा कळकलेल्या आमटीपुरती असते. वीस हजार फुटांवर ती निराळी असते.

इंग्लंडांत रॉयल फ्लाइंग कोअर हें लष्करी विमानदळ सन १९१२ मध्यें स्थापन झालें. त्या वेळचीं विमानें म्हणजे लाकडाचे सांगाडे, त्यांवर ताणून बसविलेलें कापड आणि सर्वांना बांधून ठेवणाऱ्या तारा. तीं बनविणारे कारखाने लहान होते. कोणी सुतारकामांतून, तर कोणी मोटारींच्या धंद्यांतून या नव्या उद्योगांत शिरलेले. प्रत्येकाची रीत निराळी, आणि माल चांगला कीं वाईट हें शेवटीं कळे तें तो घेऊन उडणाऱ्या माणसाला! ही स्थिति बदलण्यासाठीं डिसेंबर १९१३ मध्यें विमानांच्या तपासणीचें एक स्वतंत्र खातें उभारण्यांत आलें व मेजर फुल्टन या अनुभवी वैमानिकास त्याचा मुख्य तपासनीस नेमण्यांत आलें. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून हें खातें ‘ए. आय. डी.’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. माल तयार झाल्यावर नव्हे, तर तो तयार होत असतांनाच, लाकडाच्या फळीपासून शेवटच्या तारेपर्यंत त्याची पाहणी व्हावी, ही त्याची रीत होती.

पुढें आठच महिन्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें. शेंकड्यांनीं लागणारीं विमानें हजारोंनीं लागूं लागलीं. टेबल-खुर्च्या व पियानो बनविणारे कारखानेहि विमानांचे पंख बनवूं लागले. तपासनिसांची संख्या अपुरी पडली. स्त्रियांना शिकवून त्या कामावर घेण्यांत आलें. युद्ध संपल्यावर उलट अडचण उभी राहिली. पैसा आटला, खातें लहान झालें, आणि प्रत्येक कारागिराच्या पाठीशीं सरकारी तपासनीस उभा करणें अशक्य झालें. तेव्हां जी तोड निघाली ती पुढील सर्व इतिहासाची पायाभरणी ठरली. प्रत्येक वस्तु पाहण्याऐवजीं वस्तु पाहण्याची कारखान्याची व्यवस्थाच पाहावी, असें ठरलें. ज्या कारखान्यांत तपासणी करणारा माणूस उत्पादन करणाऱ्या मुकादमाच्या हाताखालीं नसेल, ज्याचीं मापें अचूक असतील, ज्याच्या नोंदी पुरत्या असतील, अशा कारखान्याला मान्यता द्यावी. त्याच्या स्वतःच्या तपासनिसाची सही ग्राह्य धरावी. आणि सरकारी अधिकाऱ्यानें त्या सहीवर नजर ठेवावी. मान्यताप्राप्त कारखान्याची कल्पना या गरजेंतून रूढ झाली. तिच्यांत विश्वास होता, पण तो व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर सोंपविलेला नव्हता. तो व्यवस्थेंत बसविलेला होता.

या व्यवस्थेची खरी परीक्षा सन १९४० मध्यें झाली. मे महिन्यांत चर्चिल पंतप्रधान झाले आणि विमान-उत्पादनाचें नवें खातें लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्याकडे आलें. युद्धाच्या आरंभापासूनच मोटारींचे प्रख्यात कारखानदार लॉर्ड नफील्ड यांच्याकडे नागरी कारखान्यांतून लष्करी विमानें दुरुस्त करून घेण्याची योजना सोंपविलेली होती व ऑक्सफर्डजवळील काउली येथें तिचें केंद्र होतें. पडलेलीं, जळालेलीं, गोळ्यांनीं चाळण झालेलीं विमानें लांबच लांब गाड्यांवर लादून तेथें येत. सांगाडा एका कारखान्याकडे, इंजिन दुसऱ्याकडे, पंखा तिसऱ्याकडे अशी कामाची वांटणी होती. जें विमान पुरतें मोडलें असेल त्याचे चांगले भाग काढून दुसऱ्यास बसवीत. कधीं कधीं वैमानिक स्वतःच घायाळ विमान घेऊन दुरुस्तीच्या ठिकाणीं उतरे आणि काम होईपर्यंत तेथेंच थांबून तें घेऊन पुन्हां लढाईवर जाई. त्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत जी लढाई झाली, तिच्या काळांत लढाऊ पथकांना मिळालेल्या विमानांपैकीं शेंकडा सुमारे ३५ विमानें नवीं नव्हतीं, दुरुस्त होऊन आलेलीं होतीं. म्हणजे दर तीन विमानांत एक विमान कोणा कारागिरानें मृत्यूच्या दारांतून परत आणलेलें होतें.

येथें एक मोह स्वाभाविक होता. शत्रु दारांत आहे, विमानें कमी आहेत. अशा वेळीं तपासणीची कटकट थोडी सैल केली तर काय बिघडेल? बीव्हरब्रुक यांच्या खात्याचा सारा भर वेगावर होता, आणि ए. आय. डी. चें खातेंहि त्याच छत्राखालीं आलेलें होतें. तरीहि तपासनिसाची जागा रद्द झाली नाहीं. काम कोठें करावें यांत सवलत मिळाली, काम कोणी तपासावें यांत मिळाली नाहीं. मोटारींच्या कारखान्याला विमान हाताळण्याची परवानगी मिळाली ती नियम मोडून नव्हे, तर पूर्वीच्या वीस वर्षांत अशी परवानगी देण्याची रीत बसविलेली होती म्हणून. संकटकाळीं जो वेग उपयोगी पडला तो शांततेच्या काळांत सांठविलेला होता.

हिंदुस्थानांत या विद्येचा आरंभ त्याच वर्षीं झाला, आणि त्यांत सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा मोठा वांटा आहे. म्हैसूर सरकारच्या साहाय्यानें त्यांनीं डिसेंबर १९४० मध्यें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. हेतु विमानें बांधण्याचा होता. सन १९४१ मध्यें हार्लो जातीचें पहिलें शिकाऊ विमान तेथें जोडून उडविण्यांतहि आलें. परंतु जपानचें युद्ध दाराशीं आल्यावर सन १९४२ मध्यें सरकारनें कारभार आपल्या हातीं घेतला व सन १९४३ मध्यें कारखाना अमेरिकन विमानदळाच्या व्यवस्थेखालीं गेला. पूर्वेकडील रणक्षेत्रावर उडणाऱ्या विमानांची व इंजिनांची दुरुस्ती हेंच त्याचें मुख्य काम झालें. बांधण्याची हौस मनांत ठेवून आलेल्या तरुणांना दुरुस्तीच्या कामाला जुंपलें गेलें, हें त्या वेळीं कदाचित् निराशेचें वाटलें असेल. पण त्या वर्षांत हजारों भारतीय हातांना मापाची, नोंदीची आणि तपासणीची शिस्त लागली.

त्या शिस्तीचें फळ स्वातंत्र्यानंतर लगेच दिसलें. युद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर अमेरिकन बनावटीचीं अनेक लिबरेटर बाँबफेकी विमानें टाकून दिलेलीं होतीं. पुन्हां कोणी वापरूं नयेत म्हणून जातांना त्यांची मोडतोड करण्यांत आली होती. भारताला बाँबफेकी विमानांची निकड होती आणि विकत घेण्यास पैसा व वेळ दोन्ही नव्हते. बंगलोरच्या कारागिरांनीं त्यांतील एकेक विमान जेमतेम उडण्याजोगें केलें; कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं एकामागून एक बंगलोरला उडवीत नेलीं; आणि तेथें त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. सुमारे चाळीस विमानें अशा रीतीनें भंगारांतून उठलीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें त्यांवर विमानदळाचें पांचवें पथक उभें राहिलें, आणि हीं विमानें सन १९६८ पर्यंत सेवेंत राहिलीं. मूळ कारखाना हजारों मैल दूर होता. त्याच्या सल्ल्यावांचून इतकीं वर्षें हीं विमानें उडलीं, याचें श्रेय युद्धकाळांत दुरुस्ती करतां करतां मिळालेल्या शिक्षणाला द्यावें लागेल.

युद्धानंतरचीं विमानें बदललीं. लाकूड व कापड गेलें. जेट इंजिन आलें, हेलिकॉप्टर आलें. त्यांच्याबरोबर एक नवा धोका आला. जुन्या विमानांत एक तार तुटली तर दुसरी तार तोल सांभाळी. हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याच्या दांड्यासारख्या भागाला दुसरा जोडीदारच नसतो. तो तुटला कीं वैमानिकाचें कौशल्य, धैर्य, अनुभव, कांहींच कामास येत नाहीं. अशा भागांची दुरुस्ती किती नाजुक असते याचा एक दारुण दाखला ११ सप्टेंबर १९८२ रोजीं जर्मनींतील मॅनहाइम येथें मिळाला. शहराच्या उत्सवासाठीं आलेल्या निरनिराळ्या देशांच्या पॅराशूटपटूंना घेऊन अमेरिकन सैन्याचें एक चिनूक हेलिकॉप्टर वर चढलें आणि लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलें. आंतील ४६ माणसें मरण पावलीं.

तपासांत जें निष्पन्न झालें तें ऐकून कोणीहि चकित व्हावें. चिनूकला पुढें एक व मागें एक असे दोन मोठे पंखे असतात. त्यांचीं पातीं एकमेकांच्या कक्षेंतून फिरतात, आणि तीं एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून दंतचक्रांच्या पेट्या त्यांना एका तालांत ठेवतात. या पेट्या स्वच्छ करण्यासाठीं अक्रोडाच्या टरफलांची भुकटी वापरीत. ती मऊ असते, धातूवर ओरखडा उठवीत नाहीं. या दृष्टीनें निवड शहाणपणाची होती. पण भुकटीचे कण पेटींत राहिले, त्यांनीं तेलाचीं बारीक छिद्रें बुजविलीं, बेअरिंगला वंगण मिळेनासें झालें, तें निकामी झालें आणि दोन पंख्यांचा ताल सुटला. त्या पेटींत लबाडीचा एकहि भाग नव्हता. कोणी खोटें पोलाद वापरलें नव्हतें. घात केला तो साफसफाईनें. यानंतर अमेरिकन सैन्यानें ती भुकटी वापरणें सोडून दिलें. पण त्याहून मोठा धडा हा होता कीं दुरुस्तीची मान्यता ही भागाला किंवा कारखान्याच्या नांवाला देऊन भागत नाहीं. प्रत्येक कृतीला, प्रत्येक द्रव्याला, धुण्याच्या भुकटीलासुद्धां ती मागावी लागते.

नेमका याच सुमारास अमेरिकेंत उलट दिशेनें एक दाब येऊं लागला. लष्कराला विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांच्या किंमती पाहून तेथील जनता संतापली होती. साध्या हातोडीचे ४३५ डॉलर लावल्याचें प्रकरण सन १९८३ मध्यें गाजलें. मूळ कारखानदाराखेरीज कोणी विकूंच शकत नसेल तर तो तोंडाला येईल ती किंमत मागणार, हा आक्षेप खोटा नव्हता. सन १९८४ मध्यें काँग्रेसनें चढाओढ वाढविणारे कायदे केले. त्यांतील एका तरतुदीनें असें सांगितलें कीं, विक्रेत्यानें आधीं पात्रता सिद्ध केली पाहिजे अशी अट घालावयाची असेल तर तिचें कारण लेखी द्यावें, कसोट्या कोणत्या हें स्पष्ट सांगावें, आणि जो पुढें येईल त्याला त्या कसोट्या देण्याची संधि द्यावी. लहान यंत्रशाळांच्या दृष्टीनें ही न्यायाची गोष्ट होती. पात्रता हा दरवाजा असावा, भिंत असूं नये, असा तिचा आशय होता.

त्या दरवाजांतून आंत जाण्यासाठीं यंत्रशाळेला काय करावें लागतें, हें पाहण्याजोगें आहे. जो भाग तिला दुरुस्त करावयाचा असेल त्याच्या नकाशांची व दुरुस्तीच्या ग्रंथाची ताजी प्रत तिच्याजवळ असली पाहिजे. तोच भाग किंवा त्यासारखा भाग पूर्वी केला असल्याचा पुरावा दिला पाहिजे. काम कोणत्या क्रमानें होईल, कोणत्या यंत्रावर होईल, कोणती पायरी बाहेरच्या पोटकंत्राटदाराकडे जाईल आणि त्याची पात्रता काय, हें ओळीनें लिहून द्यावें लागतें. भट्टी, मुलामा, भेगा शोधण्याच्या चुंबकीय व विद्युत् परीक्षा, यांसाठीं माणसांना व यंत्रांना वेगळें प्रमाणपत्र लागतें. अभियंते स्वतः कारखाना पाहून येतात. मग एक नमुना दुरुस्त करून द्यावयाचा. तो मोजला जातो, कित्येकदां चांचणी-यंत्रावर चालवून पाहिला जातो. एवढें झाल्यावर जी मान्यता मिळते ती सरसकट नसते. ती त्या भागापुरती, त्या जागेपुरती आणि ठरलेल्या कृतीपुरती असते. कृतीची पायरी बदलावयाची झाली, कारखाना दुसऱ्या गांवीं हलविला, किंवा अनेक वर्षें तें काम हातीं आलेंच नाहीं, तर पुन्हां परीक्षा.

एवढा बडेजाव कशाला, असें वाटणाऱ्यानें विमानाच्या पोलादी पायाची दुरुस्ती डोळ्यांसमोर आणावी. त्याच्या दांड्यावर क्रोमचा कठीण मुलामा असतो. तो झिजला कीं जुना मुलामा काढावयाचा, पृष्ठभाग घासावयाचा आणि नवा मुलामा चढवावयाचा. ऐकावयास हें सोपें आहे. पण घासतांना चाक जरा जोरानें दाबलें तर पोलाद त्या जागीं तापतें, त्याचें पाणी उतरतें, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. म्हणून घासल्यावर सौम्य अम्लानें पुसून असे डाग शोधावे लागतात. नंतर बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागाला दाब द्यावयाचा, कारण दाबलेल्या पृष्ठभागावर भेग सहजासहजीं सुरू होत नाहीं. मुलाम्याच्या कुंडांत पोलाद हायड्रोजन वायु शोषून घेतें व ठिसूळ होतें. म्हणून कुंडांतून काढल्यावर कांहीं तासांच्या आंत त्याला सुमारे १९० अंश सेंटिग्रेडच्या भट्टींत २३ तास ठेवावें लागतें. ही शेवटची पायरी ज्यानें संध्याकाळच्या घाईंत सकाळवर टाकली, त्याचा दांडाहि तितकाच चकचकीत दिसतो. मापांत तो बरोबर उतरतो. वजन पेलून तो कांहीं दिवस उभाहि राहतो, आणि मग एके दिवशीं धावपट्टीवर, कोणतीहि सूचना न देतां, कांचेसारखा तडकतो. तयार भाग पाहून जो दोष सांपडत नाहीं, तो कृतीच्या वेळींच टाळावा लागतो. पात्रतेच्या सर्व कसोट्यांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

स्वस्ताई आणि सुरक्षितता यांची ही ओढाताण वीस वर्षें चालली. खरेदी करणाऱ्या खात्यांजवळ हजारों भागांच्या याद्या असत. त्यांतला कोणता भाग तुटल्यास केवळ गैरसोय होईल आणि कोणता तुटल्यास माणसें मरतील, हें खरेदीच्या कारकुनाला यादीवरून कळणें कठीण होतें. हा भेद कायद्यांत लिहिला गेला तो २४ नोव्हेंबर १९०३ रोजीं नव्हे, विमानाच्या जन्माच्या त्या वर्षानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २४ नोव्हेंबर २००३ रोजीं मंजूर झालेल्या कायद्यानें. ज्या भागाच्या बिघाडानें विमान नष्ट होईल, जीवितास अस्वीकार्य धोका पोंचेल, किंवा इंजिन आपोआप बंद पडून संकट ओढवेल, तो ‘सुरक्षिततेच्या दृष्टीनें निर्णायक भाग’, अशी त्याची व्याख्या झाली. अशा भागाची खरेदी, फेरफार, दुरुस्ती वा संपूर्ण पुनर्दुरुस्ती ही, ज्या दळाचें तें विमान असेल त्याच्या रचनेची जबाबदारी असलेल्या अभियांत्रिकी कार्यालयानें मान्य केलेल्या कारखान्याकडूनच व्हावी, असें ठरलें. खरेदीखात्याचा शब्द शेवटचा राहिला नाहीं, अभियंत्याचा झाला. सन २००६ मध्यें सर्व दळांनीं मिळून या कायद्याच्या अंमलाची एक सामाईक नियमावली काढली. दुरुस्तीलाहि नव्या खरेदीइतकीच कसोटी लावण्याचें तत्त्व येथें स्पष्ट अक्षरांत आलें.

एवढ्यानें प्रश्न सुटला असता तर हा इतिहास येथेंच संपला असता. १० जुलै २०१७ रोजीं अमेरिकन मरीन दळाचें केसी-१३०टी जातीचें चार पंख्यांचें एक मालवाहू विमान नॉर्थ कॅरोलिनांतून कॅलिफोर्नियाकडे जात होतें. मिसिसिपी प्रांतावरून वीस हजार फूट उंचीवर जातांना दुसऱ्या इंजिनाच्या पंख्याचें चौथें पातें मुळाशीं तुटलें आणि विमानाच्या अंगांत घुसलें. त्या आघातानें पलीकडच्या बाजूचा एक पंखाहि निखळला. विमानाचे आकाशांतच तुकडे झाले आणि ते सोयाबीनच्या शेतांत पडले. आंत असलेले १५ मरीन व आरमाराचा एक वैद्यकीय सहायक, असे १६ जण मरण पावले.

पात्याचें मूळ सांपडलें तेव्हां कारण कळलें. पात्याच्या आंतल्या पोकळींत गंजाचा एक खळगा होता. तेथून एक सूक्ष्म भेग निघाली आणि वर्षानुवर्षें वाढत गेली. हें पातें सन २०११ मध्यें जॉर्जिया प्रांतांतील वॉर्नर रॉबिन्स येथील विमानदळाच्या सरकारी डेपोंत संपूर्ण दुरुस्त होऊन आलेलें होतें. तो गंज त्या दुरुस्तीच्या वेळींच पात्यांत होता व तो काढला गेला नव्हता, असा निष्कर्ष सन २०१८ अखेर प्रसिद्ध झालेल्या चौकशीनें काढला. कल्हईखालीं कळंक राहावा तसा, नव्या लेपाखालीं जुना गंज राहिला होता.

या घटनेचें वैशिष्ट्य हें कीं येथें परका, अपरिचित, स्वस्तांत काम करणारा कोणी विक्रेता नव्हता. डेपो सरकारचा होता, जुना होता, पंख्यांच्या कामांत मुरलेला होता. ग्रंथांत पायऱ्या लिहिलेल्या होत्या, भेगा शोधण्याच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. ज्या दळानें पातें दुरुस्त केलें तें एक, आणि ज्या दळाचीं माणसें त्यावर उडत होतीं तें दुसरें. पात्रता देण्याच्या सर्व व्यवस्थेंत बाहेरून येणाऱ्याकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकें आधींच आंत बसलेल्याकडे दिलें जात नाहीं, हें त्या शेतांत पडलेल्या पात्यानें दाखवून दिलें. नवा उमेदवार नमुना देतो, तो दहा वेळां मोजला जातो. जुन्या मान्यताप्राप्ताच्या मेजावरून रोज उतरणारें शंभरावें, हजारावें पातें कोण मोजतो?

हा प्रश्न महाराष्ट्रालाहि परका नाहीं. नाशिकजवळ ओझर येथें सन १९६० नंतरच्या दशकांत मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तेथेंच भारतीय विमानदळाचा ११ वा तळ-दुरुस्ती डेपोहि आहे. रशियन बनावटीचीं लढाऊ विमानें पुरतीं खोलून, एकेक भाग तपासून पुन्हां जोडण्याचें काम या परिसरांत चालत आलें आहे. सुखोई-३० जातीचें स्वतः संपूर्ण दुरुस्त केलेलें पहिलें विमान या डेपोनें एप्रिल २०१८ मध्यें विमानदळाच्या स्वाधीन केलें. सन १९९१ मध्यें सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर सुट्या भागांचा पुरवठा विस्कळित झाला आणि असे भाग देशांतील कारखान्यांकडून करून घेण्याची निकड वाढली. म्हणजे बीव्हरब्रुक यांच्यापुढें जी अडचण होती तीच निराळ्या वेषांत येथें आली: विमान उभें आहे, भाग नाहीं, आणि समोर एक हुशार लहान कारखाना ‘मी करून देतों’ म्हणत आहे. भारतांत रचनेच्या दृष्टीनें असा भाग उडण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें सन १९९५ मध्यें स्थापन झालेली ‘सेमिलॅक’ ही बंगलोरची संस्था पाहते, आणि कारखान्याच्या कामाचा दर्जा संरक्षण-उत्पादन खात्याचें विमान-गुणवत्ता संचालनालय पाहतें. रचना पाहणारा एक आणि काम पाहणारा दुसरा, ही विभागणी सोयीसाठीं नाहीं. ज्यानें काम केलें त्यानेंच तें चांगलें झाल्याचें सांगूं नये, या जुन्या नियमाचेंच तें पुढचें रूप आहे.

या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी आहेत, आणि त्या सर्व खोट्या नाहींत. लहान यंत्रशाळेला कागद जुळवितां जुळवितां वर्षें जातात. परीक्षेचा खर्च कित्येकदां मिळणाऱ्या कामाहून अधिक होतो. कोठें कोठें पात्रतेच्या नांवाखालीं जुन्या कारखानदाराची मक्तेदारीच जपली जाते. सन १९८४ च्या कायद्यानें मागितलेली स्पष्टता, म्हणजे कसोटी आधीं सांगणें आणि कारण लेखी देणें, ही म्हणूनच तितकीच आवश्यक आहे. परंतु दरवाजा रुंद करणें आणि उंबरठा काढून टाकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काउलीच्या कारागिरांनीं दरवाजा रुंद झालेला पाहिला. उंबरठा तेथेंहि होता.

फुल्टन यांच्या काळचा तपासनीस फळीवर बोट फिरवून गांठ शोधी. त्याच्या जागीं आतां विद्युत्-प्रवाहानें भेग हुडकणारीं यंत्रें आलीं आहेत. तरी त्या यंत्राची सुई हलली तेव्हां थांबणें, संशय आलेलें पातें बाजूला काढणें, आणि वरिष्ठ घाई करीत असतांहि कागदावर सही न करणें, हें काम अद्याप माणसाकडेच आहे. मान्यतेचें पत्र कारखान्याच्या भिंतीवर टांगलेलें असतें. त्या पत्राला अर्थ येतो तो मेजावर पडलेल्या पुढच्या भागाची तपासणी पहिल्या नमुन्याइतक्याच काळजीनें झाली तर. मिसिसिपीच्या आकाशांत गेलेल्या त्या सोळा जणांपैकीं कोणीहि सन २०११ मधील तो कारागीर पाहिला नव्हता. त्यांनीं फक्त त्याच्या कामावर विश्वास ठेवला होता.